मुकी भट्टी

चुडामणशेठ चौधरी कारखान्यात फारसे येत नसत. त्यांना गरजच पडत नसे. धुळ्याबाहेर हायवेच्या एका अंगाला त्यांचा पोलादाचा कारखाना, दुसऱ्या अंगाला बंगला, आणि बंगल्याच्या ओट्यावर पितळी कड्यांची बंगई. सकाळचा चहा झाला की शेठ एक पाय दुमडून बंगईवर बसत, दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने झोका देत आणि कारखाना ऐकत. लोक रेडिओवर बातम्या ऐकतात, तसा.

भट्टी विजेची होती. तिच्या पोटात दहा टन भंगार टाकायचं, वरून झाकण फिरवून बसवायचं, झाकणाच्या तीन भोकांतून मांडीएवढे जाड तीन काळे इलेक्ट्रोड खाली सोडायचे, की त्यांच्या टोकांशी विजेचा लोळ पेटायचा. या लोळाला आर्क म्हणतात आणि त्याला हळू बोलता येत नाही. आभाळ फाटल्यासारखा तो सुरू होई आणि रस ओतायची वेळ येईपर्यंत तोंड मिटत नसे. कारखान्यातल्या नवख्या माणसाचे दात थरथरत, ओट्यावरच्या कपातला चहा थरथरे, आणि शेठना बरं वाटे.

शेठ मुळात कापसातले. चोपड्याला त्यांचं वडिलांच्या वेळेपासूनचं जिनिंग होतं, आणि जिनमध्ये मालकाचा कान हाच मुनीम असतो. यंत्र गप्प झालं म्हणजे मजूर बिडी ओढायला बसले, एवढं साधं गणित. तेच त्यांनी लोखंडाला लावलं. आवाज म्हणजे काम. शांतता म्हणजे पगारी सुट्टी. कानावरून ते पाळी कोणाची हेही सांगत, आणि ज्या पाळीचा आवाज दणक्यात, तिला बंगल्यावरून गरम भजी जात. हे गणित चुकतं की काय, असं त्यांना कधी कोणी विचारलं नव्हतं. भजी खाणारा कशाला विचारेल?

विचारणारा आला तो एक्क्याण्णव सालात, पितांबर बिऱ्हाडे. पहूरचा. नागपुरात धातुशास्त्र शिकून, परमुलखातल्या एका मोठ्या कारखान्यात काही वर्षं काढून, म्हाताऱ्या आईवडिलांच्या जवळपास राहता यावं म्हणून धुळ्याची नोकरी धरलेला. भट्टीखातं त्याच्या ताब्यात होतं. माणूस हुशार, पण त्याला एक खोड होती: आपलं म्हणणं खरं आहे एवढं पुरे, ते दुसऱ्याच्या गळी उतरवायला वेगळी मेहनत लागते, हे त्याच्या गावीच नव्हतं. राग आला की तो चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसायचा. धुळ्याला आल्यापासून त्याच्या चष्म्याच्या काचा फार स्वच्छ राहू लागल्या होत्या.

डिसेंबर उजाडला तसं शेठनी त्याला ओट्यावर बोलावलं.

"बसा बिऱ्हाडे साहेब. तुमची भट्टी किती पिते?"

"टनाला सातशे वीस युनिट."

"चांगली पिते. म्हैस एवढं पाणी पीत नाही." शेठनी झोका दिला. "वीज मंडळ दर वाढवतंय. सुरतेचा एक जण भट्टी उचलून न्यायला तयार आहे, भंगाराच्या भावात. मी विचार करतोय, देऊन टाकावी. पोलादाचे तयार ठोकळे, इंगट, विकत घेऊ, आपली रोलिंग मिल चालवू. भट्टीवरची चाळीस माणसं मात्र घरी बसतील."

"शेठ, वीज भट्टी पीत नाही. वाया जाते." पितांबर खुर्चीच्या टोकावर सरकला. "आर्क उघडा असतो ना, तो उघड्यावर मांडलेल्या चुलीसारखा. भाकरीला लागते त्याहून जास्त आच वाऱ्याला लागते. आपली उष्णता भिंतींना, छताला जाते, विटा खाते. पण रसावर जो मळीचा थर असतो, स्लॅग, त्यात कोळशाची भुकटी टाकून थोडा ऑक्सिजन सोडला, तर तो दुधासारखा फुगतो. आर्क त्या फेसात बुडतो. मग उष्णतेला वरची वाट राहत नाही, ती रसातच जाते."

शेठना यातलं दूध तेवढं कळलं. पण माणूस तावातावाने बोलतोय, म्हणजे काहीतरी असेल, असा त्यांचा बाजारातला अनुभव होता.

"महिनाभर करा. डिसेंबरची सरासरी साडेसहाशेच्या खाली आली तर भट्टी राहील, तुमचं दूधही राहील. नाही आली तर सुरतेला निरोप धाडतो. पटतंय?"

पटण्यासारखंच होतं. पितांबर हायवे ओलांडून परत आला तो अर्धा पळतच. एक गोष्ट सांगायची मात्र राहून गेली होती. लपवायची म्हणून नव्हे. ती सांगण्यासारखी आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. आर्क फेसात बुडाला की त्याचा आवाजही बुडतो.

पहिल्या दिवशी भट्टीवर आधार होता. पारोळ्याकडचा, पन्नाशीचा, वीस वर्षं आगीसमोर उभं राहून भुवया कायमच्या गमावलेला. भंगार वितळेपर्यंत भट्टी नेहमीसारखी गरजली. मग पितांबरने दारातून भुकटीच्या पिशव्या फेकायला लावल्या, ऑक्सिजनची नळी आत घातली. बघता बघता स्लॅग फुगला, दाराच्या उंबऱ्यावर येऊन डोकावला, आणि आभाळ फाटल्यासारखा तो आवाज खाली खाली जात नुसत्या घुमण्यावर आला. कोपऱ्यातल्या पंख्याची खरखर ऐकू आली. ती तिथे आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

आधारने डोक्यावरचं फडकं मागे सारलं. "साहेब, निजी गयी ना भट्टी!"

"निजली नाही. आत्ता कुठे कामाला लागली."

"काम करनारा आवाज करस, साहेब. मन्ही बायको देखा. भाकरी थापस ते गल्लीभर ऐकू जास."

"आणि भाकरी?"

"भाकरी कच्चीच ऱ्हास," आधार म्हणाला आणि सगळी पाळी हसली.

पितांबरही हसला असता, पण कंट्रोलच्या खोलीत फोन वाजू लागला. उचलेपर्यंत थांबला, आणि उचलायच्या आत पुन्हा वाजला. "बंद का पडली?" शेठ विचारत होते. बंद नाही म्हटल्यावर त्यांनी फोन ठेवला, आणि खांद्यावरचा पंचा तसाच, पायात घरातल्या चपला, असे हायवे ओलांडून स्वतः आले. ड्रायव्हरला मोटार काढायलाही वेळ दिला नाही. निळ्या काचेतून त्यांनी भट्टीत पाहिलं. मग पितांबरकडे पाहिलं.

"पेटलेली आहे?"

"शेठ, सोळाशे डिग्री आहे आत."

"मग बोलत का नाही?"

पितांबरने समजावलं. चूल, भाकरी, फेस, सगळं पुन्हा. मीटर दाखवला. त्या दिवशी माल नेहमीपेक्षा लवकर तयार झाला आणि टनाला साडेसहाशेच्या खाली वीज लागली. शेठनी मीटरला वाकून पाहिलं, नाणं खोटं आहे का पाहावं तसं.

"मीटर बिघडलं असेल."

"मीटर मंडळाचं आहे, शेठ. बिघडलंच तर तुमच्या बाजूने बिघडणार नाही."

हे शेठना पटलं. पटलं, पण बरं वाटलं नाही. परत जाताना दारात थांबून ते म्हणाले, "चालू द्या. फक्त थोडा आवाज ठेवा." जणू आवाज म्हणजे आमटीतलं मीठ, चिमूटभर ठेवता येतं.

पुढचे काही दिवस पितांबर जेवणही भट्टीवरच करायचा. आकडा खाली येत होता. त्याच्या समोर केलेला माल सहाशे तीसच्या आसपास लागे. पण तो घरी गेल्यावर, दुसऱ्या पाळीत, तोच आकडा सातशेला टेकायचा. भंगार तेच, भट्टी तीच. आठवडाभर त्याने ऑक्सिजनला शिव्या दिल्या, भुकटी ओली असेल म्हणून पोती उन्हात पसरली. मग एके दिवशी तो चार वाजता घरी म्हणून निघाला आणि पाचला परत आला. हायवेवरूनच त्याला भट्टी ऐकू आली. पूर्ण गळ्याने. भंगार केव्हाच वितळलेलं, स्लॅग सपाट पडलेला, आर्क उघडा, छताच्या विटा लालभडक. भुकटीची पोती भिंतीआड शिवलेली तशीच. आणि त्या आठवड्यात दुसऱ्या पाळीवर असलेला आधार कागदातली भजी खात उभा.

"आधार! भुकटी कुठे आहे?"

"शे ना. बठ्ठी पोती शेतस. एक बी चोरी जायेल नही."

"टाकली का नाही?"

आधारने भजी गिळली. खोटं बोलायचा त्याने प्रयत्नही केला नाही. "शेठले आवाज लागस. तुमले युनिट लागस. मी एकटा मानूस, कोनकोनले राजी करू? तुम्ही सांजले घर जातस. शेठ आठेच ऱ्हातस."

"भट्टी गेली तर भजी कोण देईल तुला? सुरतेला विकणार आहेत, माहीत आहे?"

"माहीत शे." आधारने कागद चुरगळला. "पन साहेब, ज्या दिन आवाज नही, त्या दिन शेठ फोन करी करी इचारतस, कोन झोपेल शे? मन्हं नाव लेतस. वीस वरीस मी झोपनू नही. आते बुढापामां झोप्या म्हनवाई लेऊ का?"

पितांबरने चष्मा काढला, पुसला, घातला. आधार बदमाश असता तर रागावणं सोपं होतं. हा तर मालकाचं ऐकत होता. शेवटी त्याने आधारला एवढंच सांगितलं की शेठचा फोन आला की माझं नाव घे. झोपलेला बिऱ्हाडे आहे म्हणून सांग. आधारला हे आवडलं. इतकं आवडलं की पुढे काही दिवस त्याने ते फोन न येताही सांगितलं. पण भुकटी मात्र टाकू लागला, आणि आकडा खाली सरकला.

आता गंमत पाहा. भंगार वितळत असतं तोवर, म्हणजे पहिला तासभर, भट्टी गरजतेच. फेस होतो तो रस झाल्यावर. म्हणजे गावाच्या कानाला असं ऐकू येऊ लागलं की चौधरींची भट्टी रोज तीनदा सुरू होते आणि तीनदा अर्ध्यातच मरते. हायवेवरच्या चहाच्या टपरीवर ट्रक ड्रायव्हर घड्याळ लावून बसू लागले. गेली का? गेली. कालच्यापेक्षा लवकर गेली.

पितांबरला हे कळलं ते घरी. त्याची बायको सुगंधा नगरपालिकेच्या शाळेत शिकवायची. संध्याकाळी मेथी निवडता निवडता तिने विचारलं, "तुमचा पगार होईल ना या महिन्याचा?"

"का नाही होणार?"

"भाजीवाली विचारत होती, साहेबांचा कारखाना बसला का म्हणून. मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, ताई, बायकोला सगळ्यात शेवटी सांगतात."

"अगं, भट्टी आजवर कधी चालली नाही इतकी चांगली चाललीय!"

"मग ऐकू का येत नाही?" सुगंधा म्हणाली, आणि त्याने समोरची मेथी एवढ्या जोराने निवडायला घेतली की पानं टाकून देठं ठेवली.

दुसऱ्या दिवशी शेठनी बोलावलं. यावेळी बंगई थांबलेली होती.

"बिऱ्हाडे साहेब, आकडा काय म्हणतो?"

"आजपर्यंतची सरासरी सहाशे एक्कावन्न. रोज उतरतेय. महिनाअखेर पन्नासच्या खाली नक्की."

"छान. माझा आकडा ऐका. काल जिनला सरकी घ्यायला येणारा व्यापारी आला नाही. परवा बँकेचा माणूस सहज म्हणून चहा पिऊन गेला. तो सहज कधी येत नाही. आणि आज जळगावहून झुलालशेठचा निरोप आला, भंगाराच्या गाड्या जरा थांबवतो म्हणून."

झुलालशेठ म्हणजे जळगावचे भंगारवाले. कारखान्याचं निम्मं भंगार त्यांच्याकडून उधारीवर यायचं.

"पण का?"

"लोक म्हणतात चौधरी बसला." शेठ शांतपणे म्हणाले. "तुम्ही मला खुळा समजता. आवाजाचं वेड आहे म्हाताऱ्याला, असं. असेल. पण हा आवाज मी एकटा ऐकत नाही. पारोळ्याला जाणारी एसटी इथून जाते, नाशिकचा ट्रक इथून जातो. वीस वर्षं प्रत्येकाने कानाने पाहिलंय की चुडामणचं चाललंय. माझ्या पाटीवर कोणी उधार देत नाही, साहेब. आवाजावर देतात."

पितांबरने चष्मा काढून पुसला. उष्णता कुठून कुठे जाते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पत कुठून कुठे जाते हे पुस्तकात नव्हतं.

"त्यांना आत बोलवा, शेठ. मी दाखवतो. मीटर दाखवतो."

"झुलालशेठला मीटर दाखवता? त्या माणसाने जन्मात स्वतःचा काटा सोडून दुसऱ्याच्या काट्यावर विश्वास ठेवला नाही." शेठनी सुस्कारा सोडला. "ते येताहेत. माझ्याकडेच उतरतील. दोन दिवस. तेवढे दोन दिवस भट्टी बोलली पाहिजे."

"दोन दिवस म्हणजे सहा हीट. सहा वेळा दहा टन. शेठ, माझी सरासरी जाईल!"

"आणि भंगार आलं नाही तर सरासरी कशाची काढाल?"

तो हायवे ओलांडून आला तेव्हा पळत नव्हता. रस्त्याच्या मध्ये थांबल्याबद्दल एका ट्रकवाल्याने त्याच्या आईचा उद्धार केला, तेही त्याला धड ऐकू आलं नाही.

झुलालशेठ आले ते पांढऱ्या ॲम्बॅसडरमधून, सोबत ड्रायव्हर आणि पथ्याची औषधं. त्यांना ओट्यावर बंगईवर बसवलं. भरीत झालं, कळण्याच्या भाकरी झाल्या, शेवेची भाजी झाली. आणि समोर, हायवेच्या पलीकडे, पितांबर बिऱ्हाडे, धातुशास्त्राचा पदवीधर, आपल्या तोंडाने सांगत होता, "भुकटी टाकू नका."

आधारने पिशवी हातात धरून विचारलं, "एक बी नही?"

"एकही नाही."

"ऑक्सिजन?"

"बंद."

"साहेब, आते तुम्हीच शेठ व्हई गयात," आधार म्हणाला. पितांबर त्याच्याकडे असा वळला की आधारने पिशवी खाली ठेवून उगाच दाराकडे पाहायला सुरुवात केली.

फेस बसला. स्लॅग सपाट झाला, आणि आर्कने तोंड उघडलं. पितांबर मीटरसमोर उभा होता. काटा पळत होता. निम्मी वीज विटांवर आपटत होती. निळ्या काचेतून छताची कड थेंबाथेंबाने ओघळताना दिसत होती. त्या छताची डागडुजी त्याने महिन्याच्या सुरुवातीला स्वतः उभं राहून करून घेतली होती. त्याने डोळे मिटले तर आवाज, उघडले तर काटा. त्याला वाटलं, एखाद्याने आपल्या समोर आपल्याच विहिरीतलं पाणी बादलीने उपसून रस्त्यावर ओतावं, आणि आपण त्याला दोर पुरवावा.

दोन दिवस असे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी छताच्या दोन विटा सुटून रसात पडल्या. त्याच वेळी बंगल्याच्या ओट्यावर झुलालशेठ कपाळ दाबून म्हणत होते, "चुडामणभाऊ, तुमचं जोरात आहे, यात वाद नाही. पण मला आता जाऊ द्या. माझं डोकं उठलंय." निघताना त्यांनी गाड्या सुरू करतो म्हणून सांगितलं. बाजारात बातमी त्यांच्या आधी पोचली. सरकीवाला दुसऱ्याच दिवशी आला.

एकतीस तारखेला पितांबर आकडा घेऊन स्वतःच गेला. बोलावण्याची वाट पाहिली असती तर सुगंधाने त्याला घरात ठेवलं नसतं. सकाळपासून तो तिच्या भांड्यांवर राग काढत होता.

"किती?" शेठनी विचारलं.

"सहाशे त्रेपन्न."

शेठनी पाय टेकवून बंगई थांबवली. त्यांनाही वाईट वाटलं, हे दिसत होतं. पण वाईट वाटणं आणि आकडा हे त्यांच्या लेखी दोन वेगळे व्यवहार होते. "आपलं साडेसहाशे ठरलं होतं."

"झुलालशेठ दोन दिवस राहिले."

"त्यांनी काय तुमची वीज खाल्ली? त्यांनी माझ्याकडे भरीत खाल्लं."

"वीजही खाल्ली!"

"ओरडू नका. शब्द म्हणजे शब्द, साहेब. चोपड्याचं जिन मी शब्दावर चालवलंय. त्रेपन्न म्हणजे पन्नास नव्हे. सुरतवाल्याला मी काय सांगू, पाहुणे आले होते?"

पितांबर पुन्हा उष्णतेचं बोलणार होता. चूल, भाकरी, फेस. जिभेवर आलंही होतं. महिनाभर तो तेच बोलत होता आणि महिनाभर ते या ओट्यावरून तसंच परत येत होतं. त्याला त्या शब्दांचाच कंटाळा आला. त्याने चष्मा काढला, आणि पुसायचा सोडून तसाच हातात धरून, आंधळ्या रागाने विचारलं:

"ते भरीत कोणत्या खात्यात टाकलं?"

"काय?"

"भरीत. वांगी, तेल, त्यांच्या ड्रायव्हरचं जेवण. कुठे लिहिलं? भट्टीच्या खर्चात?"

"भट्टीच्या खर्चात वांगी कोण लिहील? पाहुणचारात लिहिलं."

"का?"

"पाहुण्यासाठी केलं म्हणून."

"मग आवाज कोणासाठी केला?"

शेठनी पंचा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"पोलादाला तो आवाज नको होता, शेठ. एका टनाला नको होता. झुलालशेठना हवा होता, तुमच्या जिनला हवा होता. भाकरी पाहुणचारात आणि आवाज तेवढा माझ्या पोलादात? हा कुठला हिशेब?"

बंगईची एक कडी किंचित कुरकुरली. शेठ समोरच्या कारखान्याकडे पाहत होते, पण ऐकत नव्हते. ओठ हलत होते. ते मनात वजाबाकी करत होते. पितांबरला चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा धूसर दिसत होता, त्यामुळे ते काय करताहेत हे त्याला उशिरा कळलं.

"त्या सहा हीट बाजूला काढल्या तर?"

"सहाशे सत्तेचाळीस."

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

"महिनाभर सांगतोय!"

"महिनाभर तुम्ही दूध सांगत होता," शेठ म्हणाले. "हे आज सांगितलं." त्यांनी आत वळून मुनिमाला हाक मारली आणि त्या दोन दिवसांची वीज पाहुणचाराकडे वळवायला सांगितली. मुनिमाने दोनदा विचारलं. शेठनी दोनदा सांगितलं. मग अंगठ्याने झोका देत पितांबरला म्हणाले, "सुरतेला नाही म्हणून कळवतो. चालवा तुमची मुकी भट्टी."

चाळीस माणसांची चूल वाचली. पितांबरला कारखान्यात जाऊन ओरडून सांगावंसं वाटलं, पण भंगार वितळत होतं आणि कोणाला ऐकू गेलं नसतं. त्याने एक बोट वर करून खूण केली, भट्टी राहिली म्हणून. आधारला वाटलं, छताला विटांचा एकच थर राहिला. तो छताकडे धावला.

हे इथे संपलं असतं तर पितांबर बिऱ्हाडे सुखी माणूस झाला असता. पण शेठना आता खातं सापडलं होतं. पूर्वी आवाज करायला सांगताना त्यांना थोडी चोरी वाटायची, वीज जाते म्हणून. आता तिला हक्काची जागा झाली. जानेवारीत बँकेचा माणूस आला, त्याला एक हीट ऐकवली. सरकीवाल्याला एक. चोपड्याहून मेहुणे आले, त्यांचा या धंद्याशी काडीचा संबंध नाही, त्यांनाही ऐकवली. मेहुण्याचा मान म्हणून.

पितांबर तावातावाने गेला. "शेठ, भंगार टाकल्यावर तासभर ती आपोआप गरजते, फुकट. पाहुण्यांना त्या वेळेला बोलवा ना!"

"पाहुणे काय भट्टीच्या वेळेवर येतील? ते त्यांच्या वेळेवर येतात आणि जेवणाच्या वेळी उठत नाहीत. आणि तुमचा आकडा तर साफ आहे. तुम्हाला त्रास कसला?"

आकडा साफ होता, हे खरंच. साडेसहाशेच्या कितीतरी खाली. "छताच्या विटा जातात," तो शेवटी म्हणाला.

"त्याही पाहुणचारात लिहा."

महिनाअखेरच्या एका रविवारी कंट्रोलच्या खोलीतला फोन वाजला. पितांबरने उचलला, ऐकलं, हं म्हटलं आणि ठेवला. भट्टीत नुकताच फेस चढला होता. एवढा सुंदर की दारातून तो एकसारखा श्वास घेतल्यासारखा वरखाली होताना दिसत होता. आधार पुढची पिशवी उचलून उभा होता.

"कोन शेतस आज?" त्याने विचारलं.

"शेठच्या पुतणीला बघायला येताहेत. पारोळ्याहून."

"पोरगा काय करस?"

"मला काय माहीत!"

"कितला येळ थांबतीन?"

"जेवून जाणार आहेत."

आधारने फेसाकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं, आणि पिशवी जपून भिंतीशी टेकवली. "पारोळाना मानूस शे, साहेब," तो म्हणाला. "जेवनं झाल्यावर बी बसस. दोन हीट धरी ल्या."

पितांबरने खिशातून कापूस काढला, निम्मा त्याला दिला, निम्मा आपल्या कानात घातला, आणि ऑक्सिजनची चावी स्वतःच्या हाताने बंद केली.